क्रोनश्टाट, मार्च १९२१ : पोटाची मागणी मान्य, मताची नामंजूर

खाडीकाठचा

'क्रांती आपलीच पिल्लं खाते' या विषयावर इथे दर काही महिन्यांनी हाणामारी होते आणि दर वेळी गाडी स्टालिनने जुन्या साथीदारांवर चालवलेल्या १९३७ च्या मॉस्को खटल्यांवर जाऊन थांबते. मला सोळा वर्षं मागे जायचंय. तेव्हा लेनिन धडधाकट होता, ट्रॉट्स्की लाल सैन्याचा सर्वेसर्वा होता आणि झिनोव्हिएव्ह पेट्रोग्राडचा (आजचं सेंट पीटर्सबर्ग) कारभार बघत होता.

पेट्रोग्राडच्या पश्चिमेला, फिनलंडच्या आखातात, साधारण तीस किलोमीटरवर कोतलिन नावाचं बेट आहे. त्यावरचं क्रोनश्टाट म्हणजे बाल्टिक आरमाराचा तळ आणि जुन्या राजधानीच्या दारातला पहारेकरी. इथले खलाशी सुरुवातीपासून तापट. १९०५ आणि १९०६ मध्ये बंड केलं. १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीत त्यांनी आपल्या अ‍ॅडमिरल विरेनला भर चौकात ठार मारलं. ऑक्टोबरमध्ये हिवाळी राजवाड्यावर चालून जाणाऱ्यांत हेच. जानेवारी १९१८ मध्ये 'पहारेकरी दमलेत, आता घरी जा' असं सांगून निवडून आलेली संविधान सभा उठवणारा झेलेझ्न्याकोव्हसुद्धा बाल्टिकचाच खलाशी. ट्रॉट्स्की त्यांना क्रांतीचा अभिमान आणि शोभा म्हणायचा.

तीन वर्षांनी याच लोकांनी लेनिनच्या त्याच बोल्शेविक (म्हणजे कम्युनिस्ट) सरकारला निवडणुका पुन्हा घ्यायला सांगितलं.

मधल्या काळात बोल्शेविकांचे 'लाल' आणि क्रांतिविरोधी 'पांढरे' यांच्यात यादवी युद्ध झालं. खेड्यांत सशस्त्र तुकड्या जाऊन धान्य उचलून आणायच्या. ज्याला 'जादाचं' धान्य म्हणायचे त्यात पुष्कळदा पुढच्या पेरणीचं बियाणंही जायचं. शहरात कारखाने बंद, सरपण नाही. १९१७ ला चोवीस-पंचवीस लाखांचं असलेलं पेट्रोग्राड १९२० अखेर सात लाखांवर आलं होतं. लोक पिशवी घेऊन खेड्यात जायचे, अंगावरचा कोट देऊन बटाटे आणायचे आणि परतीच्या वाटेवर नाक्यावरची तुकडी ते काढून घ्यायची. २२ जानेवारी १९२१ ला पावाचा शिधा एक तृतीयांशाने कापला. फेब्रुवारीअखेर पेट्रोग्राडचे कारखाने संपावर गेले आणि शहरात लष्करी कायदा लागला.

क्रोनश्टाटच्या खलाशांनी काय चाललंय ते बघायला माणसं पाठवली. ती परत आली आणि २८ फेब्रुवारीला 'पेत्रोपाव्लोव्स्क' या युद्धनौकेवर पंधरा कलमांचा ठराव झाला. १ मार्चला याकोर चौकात पंधरा-सोळा हजारांची सभा भरली. देशाचा नामधारी प्रमुख कालिनिन स्वतः समजूत घालायला आला होता. त्याला ओरडून खाली बसवलं, ठराव प्रचंड बहुमताने पास केला आणि त्याला सुखरूप परत जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधींच्या बैठकीत आरमाराचा कमिसार (पक्षाचा राजकीय अधिकारी) कुझ्मिन आणि स्थानिक सोव्हिएतचा (निवडलेल्या परिषदेचा) अध्यक्ष वासिल्येव्ह यांना अटक करून हंगामी क्रांतिकारी समिती नेमली. तिचा अध्यक्ष पेत्रिचेंको, जहाजावरचा कारकून.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक असेल. ८ मार्चला बर्फावरून केलेला पहिला हल्ला फसला. १७ मार्चच्या पहाटे दुसरा झाला, १८ ला बंड संपलं. मला धागा काढावासा वाटला तो मधल्या एका तारखेमुळे. ८ ते १६ मार्च मॉस्कोत पक्षाचं दहावं अधिवेशन चालू होतं. १५ मार्चला त्याच अधिवेशनाने सक्तीची धान्यवसुली रद्द करून तिच्या जागी ठरावीक कर आणला. उरलेलं धान्य शेतकऱ्याने विकलं तरी चालेल. म्हणजे क्रोनश्टाटच्या ठरावातली पोटाची बाजू सरकारने मान्य केली आणि दोन दिवसांनी ठराव करणाऱ्यांच्या गल्ल्यांत शिरून त्यांना मारलं. तेव्हा भांडण भाकरीचं उरलंच नव्हतं असं माझं म्हणणं. ते मताचं होतं.

बोला.

चौकस_चंदू

वाचतोय. जागा धरून बसलोय.

ते पंधरा मुद्दे नेमके काय होते? दर वेळी नुसतं 'लोकशाहीची मागणी' एवढंच कानावर येतं. लोकशाही म्हणजे सगळ्यांना मत का?

खाडीकाठचा

नाही, आणि तीच गंमत आहे. पहिलं कलम : सध्याची सोव्हिएत कामगार-शेतकऱ्यांचं मत मांडत नाहीत, म्हणून गुप्त मतदानाने ताबडतोब नव्या निवडणुका, आधी प्रचाराला मोकळीक. मग भाषण आणि वृत्तपत्र स्वातंत्र्य, पण कुणाला? कामगार, शेतकरी, अराजकवादी आणि डाव्या समाजवादी पक्षांना. जमीनदार-भांडवलदारांना नाही. संविधान सभेचं तर नावही नाही. कामगार आणि शेतकरी संघटनांना सभेचं स्वातंत्र्य, समाजवादी पक्षांच्या कैद्यांची सुटका, सैन्यातले राजकीय विभाग बंद करा (एकाच पक्षाला सरकारी पैशाने प्रचार करायचा हक्क का, असं स्पष्ट विचारलंय), रस्त्यावरच्या जप्ती तुकड्या हटवा, धोक्याचं काम करणारे सोडून सगळ्या कष्टकऱ्यांना सारखा शिधा. शेतकऱ्याला जमीन आणि गुरं हवी तशी वापरू द्या, पण मजूर न लावता. घरगुती कारागिरीला परवानगी, तीही स्वतःच्या श्रमाने.

यात भांडवलशाही शोधून दाखवा. ही १९१७ चीच वचनं आहेत. आता पाळा म्हणाले, इतकंच.

जुना_गिरणगावकर

खाडीकाठचे साहेब, मांडणी छान आहे पण पटावरची अर्धी प्यादी तुम्ही खिशात घातलीत.

नकाशा उघडा. जनरल व्रँगेलचं पांढरं सैन्य क्रिमियातून पळालं नोव्हेंबर १९२० ला, म्हणजे उणेपुरे चार महिने आधी. ते नष्ट झालेलं नव्हतं, परदेशात छावण्यांत बसून होतं. ब्रिटिशांच्या टॉर्पेडो बोटी ऑगस्ट १९१९ मध्ये याच क्रोनश्टाटच्या बंदरात घुसून जहाजं बुडवून गेल्या होत्या. आणि तारीख बघा : मार्च. महिनाअखेर बर्फ वितळायला लागतं. ते वितळलं की दोन अवजड युद्धनौका मोकळ्या होणार, बेटावर पायी जाता येणार नाही, आणि बाहेरून कुणाचंही जहाज येऊन धक्क्याला लागू शकणार. तुमच्या दारातल्या किल्ल्याची चावी दुसऱ्याच्या हातात गेली आणि तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. तुम्ही काय केलं असतंत?

खलाशी प्रामाणिक होते हे मी मान्य करतो. पण प्रामाणिक माणसांच्या मागून कोण आत शिरतं हे इतिहासात पुष्कळदा दिसलंय. शिवाय १९१७ चे खरे लढवय्ये खलाशी यादवी युद्धात आघाड्यांवर गेले आणि खपले. १९२१ ला जहाजांवर होती ती नवी, खेड्यातून आलेली पोरं. 'तेच लोक' हे गृहीतकच मुळात चूक.

(वय झालंय, पण वाचन चालू आहे. त्यामुळे 'काका, तुम्ही अजून तिथेच' छापाचे प्रतिसाद नकोत.)

बारीक_अक्षर

काका, बर्फाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. खलाशांचा नाही.

'नवी खेडवळ पोरं' हा युक्तिवाद ट्रॉट्स्कीने १९३८ मध्ये मेक्सिकोत बसून रेटला. इस्रायल गेट्झलर या इतिहासकाराने नंतर भरतीच्या नोंदीच तपासल्या. बंडाचं केंद्र असलेल्या 'पेत्रोपाव्लोव्स्क' आणि 'सेवास्तोपोल' या दोन जहाजांवरच्या ज्या २,०२८ खलाशांचं भरतीचं साल माहीत आहे, त्यांतले १,९०४ जण १९१७ च्या आधी किंवा त्या वर्षभरात आलेले होते. शेकडा त्र्याण्णवहून जास्त. जहाज चालवायला, तोफा सांभाळायला कसबी माणूस लागतो. त्यांना उचलून पायदळात कोण पाठवेल? किनाऱ्यावरच्या गॅरिसनमध्ये नवे लोक जास्त होते, पण ठराव सुरू झाला जहाजांवर.

आणि खेड्यातली असली तर काय बिघडलं? पेत्रिचेंको युक्रेनमधल्या शेतकरी घरातला. रजेवर गावी गेलेल्या खलाशांना आईबाप विचारायचे की आमचं धान्य ओढून नेणाऱ्यांसाठी तू का लढतोयस, आणि तिथून आम्ही विचार करायला लागलो, असं त्याने पुढे सांगितलं होतं. हे 'मागासलेपण' नाही. हा माणूस क्रांतीचा हिशोब घरी जाऊन बघून आला होता.

राजगिरा

ट्रॉट्स्की म्हणालाच होता ना की तुम्हाला तितरासारखे टिपून मारू. तेवढ्यात सगळं आलं. उगाच एवढी चर्चा कशाला.

बारीक_अक्षर

ट्रॉट्स्की नाही. तितरांचं वाक्य पेट्रोग्राडच्या संरक्षण समितीने विमानातून टाकलेल्या पत्रकातलं आहे, म्हणजे झिनोव्हिएव्हच्या कचेरीतलं. ट्रॉट्स्कीचा ५ मार्चचा निर्वाणीचा इशारा वेगळा : बिनशर्त शस्त्रं खाली ठेवा, जे ठेवतील त्यांनाच दयेची अपेक्षा करता येईल.

राजगिरा

बरं. मग तितर झिनोव्हिएव्हचे. मेलेल्या खलाशाला काय फरक पडतो?

तोफखाना

निवृत्त माणूस आहे, नावावरून खातं कळलंच असेल. राजकारण तुम्ही बघा, मला या लढाईत बंडखोरांनी केलेल्या चुका कायम सलतात.

किल्ला भक्कम, पण त्याची रचना समुद्रातून येणाऱ्या शत्रूसाठी. मोठ्या तोफांची तोंडं पश्चिमेला. इथे शत्रू आला उत्तर आणि दक्षिण किनाऱ्यांवरून, पायी. दोन्ही युद्धनौका बर्फात एकमेकींना खेटून अडकलेल्या, त्यामुळे एकीच्या माऱ्यात दुसरी आडवी. हलवायला बर्फफोडं जहाज नाही.

किल्ल्यातले जुने तोफखाना अधिकारी पहिल्या दिवसापासून सांगत होते : समोरचं ओरानियनबाउम ताब्यात घ्या, तिथे पिठाच्या गिरण्या आहेत, सैन्य आपल्या बाजूला येईल. दुसरं, बेटाभोवतीचं बर्फ तोफांनी फोडून घ्या. समितीने दोन्ही नाकारलं. त्यांना वाटत होतं आपण युद्ध करतच नाही आहोत, आपण ठराव केलाय, पेट्रोग्राडचे कामगार उठतील आणि सरकार बोलणी करेल. पहिली गोळी आपण झाडायची नाही हा त्यांचा हट्ट. शिपाई म्हणून मला हे वेडेपण वाटतं. माणूस म्हणून... असो.

आता दुसरी बाजू. ८ मार्चचा हल्ला लाल सैन्याचा सेनापती तुखाचेव्हस्कीने घाईत केला. हिमवादळ, अंगावर पांढरे झगे, उघडं बर्फाचं मैदान, आडोसा शून्य. तोफगोळा पडला की बर्फ फुटतं आणि माणूस थेट पाण्यात. मागे हटणाऱ्यांवर रोखलेल्या मशीनगन. काही शिपाई बंडखोरांना जाऊन मिळाले. दुसऱ्या हल्ल्याआधी काही रेजिमेंटांनी बर्फावर उतरायला नकार दिला, त्यांना निःशस्त्र करावं लागलं. मग पक्षाधिवेशनातले सुमारे तीनशे प्रतिनिधी आघाडीवर आणले, शिपायांना शिधा-कपडे वाढवून दिले, धान्यवसुली संपल्याची बातमी सांगितली आणि जवळजवळ पन्नास हजारांची फौज गोळा केली.

म्हणजे खलाशांच्या ठरावातलं कलम मान्य झाल्याची बातमी त्यांच्यावर हल्ला करायला निघालेल्या शिपायांना हुरूप यावा म्हणून वापरली. बंडखोरांकडे तेव्हा दारूगोळा आणि पाव दोन्ही संपत आलं होतं.

चौकस_चंदू

हे तोफखाना काकांनी भारी सांगितलं. पण तो जनरल कोण? सरकारी प्रचारात 'झारच्या जनरलचं कारस्थान' म्हणून एक नाव सारखं येतं.

खाडीकाठचा

कोझ्लोव्हस्की. होता झारचाच जनरल, पण क्रोनश्टाटच्या तोफखान्यावर त्याला नेमला कुणी? बोल्शेविकांनी. लाल सैन्यात असे हजारो जुने अधिकारी होते, ट्रॉट्स्कीनेच घेतलेले. बंडात त्याने तांत्रिक सल्ला दिला आणि वर तोफखाना काका म्हणाले तसा तो बहुतेक धुडकावला गेला. सरकारला मात्र आयता जनरल सापडला. २ मार्चच्या लेनिन-ट्रॉट्स्कीच्या सहीच्या निवेदनात तो आहे आणि सोबत फ्रेंच हेरखातंही आहे.

जुना_गिरणगावकर

आणि पॅरिसच्या वृत्तपत्रांत फेब्रुवारीच्या मध्यालाच 'क्रोनश्टाटमध्ये उठाव' अशी बातमी छापून आली होती, त्याचं काय? उठावाच्या दोन आठवडे आधी? पांढऱ्यांच्या एका संघटनेचं गुप्त टिपणही सापडलंय, क्रोनश्टाटमध्ये वसंतात उठाव कसा घडवायचा याचं. हे तुमच्याच इतिहासकारांनी छापलंय.

बारीक_अक्षर

हो, पॉल अ‍ॅव्हरिचने छापलं, आणि त्याच पुस्तकात हेही लिहिलं की ती योजना अंमलात आल्याचा किंवा खलाशांशी तिचा संबंध असल्याचा पुरावा नाही. टिपणातली वेळ बर्फ वितळल्यानंतरची होती. शहाणा कटवाला बर्फ असताना, धान्य नसताना, जहाजं अडकलेली असताना उठाव करेल का? तुमचाच बर्फाचा मुद्दा तुमच्या विरुद्ध जातोय, काका.

समाजवादी क्रांतिकारक पक्षाचा पुढारी चेर्नोव्ह मदत देऊ करत होता. समितीने आभार मानून सध्या नको म्हणून कळवलं. आणि लेनिन स्वतः अधिवेशनात काय म्हणाला? तिथल्या लोकांना पांढरे नकोत आणि आमची सत्ताही नको. कारस्थानाची गोष्ट बाहेर लोकांना सांगायला होती, आतल्या लोकांना खरं ठाऊक होतं.

अबोली

या धाग्यात अजून एकही बाई आली नाही म्हणून मी एका बाईला घेऊन येते. एमा गोल्डमन, अराजकवादी. अमेरिकेतून हद्दपार होऊन १९२० च्या सुरुवातीला रशियात आली, क्रांतीबद्दल डोळ्यांत स्वप्नं घेऊन. मार्च १९२१ मध्ये ती आणि अलेक्झांडर बर्कमन पेट्रोग्राडमध्येच होते. ५ मार्चला त्यांनी आणखी दोन साथीदारांसह झिनोव्हिएव्हला पत्र दिलं : बळ वापरू नका, पाच जणांचं शिष्टमंडळ पाठवा, त्यात दोघं अराजकवादी असू द्या, बोलून सुटेल. त्या पत्राचं काहीही झालं नाही. मग दिवसरात्र तोफा ऐकत बसले. वर्ष संपायच्या आत दोघांनी रशिया सोडला.

बर्कमनच्या डायरीतली नोंद वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. १८ मार्चला पॅरिस कम्यूनला, म्हणजे पॅरिसच्या कामगारांच्या १८७१ मधल्या सत्तेला, पन्नास वर्षं झाली. क्रोनश्टाट पडलं त्याच दिवशी पेट्रोग्राडमध्ये कम्यूनचा उत्सव होता आणि पॅरिसच्या कामगारांची कत्तल करणाऱ्यांचा धिक्कार चालू होता. त्या महिनाअखेर 'सेवास्तोपोल' या बंडखोर जहाजाचं नाव बदलून काय ठेवलं? 'पॅरिस कम्यून'. 'पेत्रोपाव्लोव्स्क'चं 'मारा' (Marat), फ्रेंच क्रांतीतला तो पुढारी. मी हे रचून लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बाई, फारच भडक होतंय.

आणि खलाशांच्या बायकामुलांचा विषय कुणीच काढला नाही. पेट्रोग्राडमध्ये राहणाऱ्या कुटुंबांना ओलीस धरलं होतं. क्रोनश्टाटमध्ये अटकेत असलेल्या कम्युनिस्टांना, कुझ्मिनसकट, कुणी मारलं नाही.

राजगिरा

अबोलीताई, +१. नावं बदलण्याचा छंद सगळ्याच सरकारांना असतो म्हणायचा.

जुना_गिरणगावकर

राजगिरा, या धाग्याला आजच्या राजकारणाकडे वळवू नका, संपादक कुलूप लावतील.

मला १९४६ आठवतंय (आठवतंय म्हणजे वडिलांकडून ऐकलेलं). १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नौदल तळावर नौसैनिकांचा संप. सुरुवात निकृष्ट जेवणापासून. मग निवडलेली संप समिती, मग जहाजामागून जहाज. कम्युनिस्ट पक्षाने हरताळ पुकारला तेव्हा परळ-लालबागच्या गिरण्या बंद पडल्या आणि रस्त्यावर गोळ्या चालल्या, मुंबईत दोनशेच्या वर माणसं गेली. सरदार पटेलांनी शरण जा म्हणून निरोप दिला. तेव्हा कम्युनिस्ट नौसैनिकांच्या बाजूला होते, हे विसरू नका.

खाडीकाठचा

विसरलेलो नाही. पण ते बंड परक्या सत्तेविरुद्ध होतं, क्रोनश्टाटचं स्वतःच आणलेल्या सत्तेविरुद्ध. जुळतं ते एवढंच की दोन्हीकडे तक्रार जेवणाच्या ताटातून सुरू झाली आणि दोन्हीकडे शिपायांनी आपली समिती आपण निवडली. आणि खरं सांगू का, तुमच्या वडिलांना १९४६ च्या नौसैनिकांबद्दल जे वाटलं तेच तुम्हाला १९२१ च्या खलाशांबद्दल वाटायला काय हरकत आहे?

जुना_गिरणगावकर

वाटतं हो. वाटत नाही असं कुठे म्हणालो? पण वाटणं आणि राज्य चालवणं यात अंतर आहे. इथल्या डाव्यांनी रशियाकडे डोळे लावले ते नेमके त्याच १९२१ साली. तरुण डांग्यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका मुंबईत त्याच वर्षी काढली. रशिया त्या मार्चमध्ये पडला असता तर इथे कुणाला कसली उमेद राहिली असती?

अबोली

म्हणजे इथल्या उमेदीची किंमत तिथल्या खलाशांनी द्यायची?

उत्तरवारा

हेलसिंकीतून. धागा उशिरा दिसला.

बंड मोडल्यावर सुमारे आठ हजार लोक रात्रीतून बर्फावरून चालत फिनलंडच्या बाजूला आले, तेरियोकीला (तो भाग आता रशियात आहे). इकडच्या सरकारने नंतर सोव्हिएत प्रतिनिधीला कळवलं की बर्फावरची प्रेतं उचला, बर्फ वितळलं की ती आमच्या किनाऱ्याला लागतील. लष्करी इतिहासात मृतांचे आकडे असतात, पण मला या एका सरकारी विनंतीतून जास्त कळलं.

मागे राहिलेल्यांचं : सोव्हिएत अभिलेख उघडल्यावर जे आकडे आले त्यांनुसार त्या उन्हाळ्यापर्यंत २,१०३ जणांना मृत्युदंड आणि ६,४५९ जणांना वेगवेगळ्या मुदतीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. माफीच्या आश्वासनावर फिनलंडमधून परत गेलेल्यांतलेही पुष्कळ छावण्यांत पोचले.

पेत्रिचेंकोची गोष्ट विचित्र आहे. तो इथे एका कारखान्यात काम करायचा. पुढे १९२७ पासून सोव्हिएत हेरखात्यासाठी काम करायला लागला. मायदेशाची ओढ, पैसा, पश्चात्ताप, ज्याला जे हवं ते त्याने मानावं. १९४५ मध्ये फिनलंडने त्याला रशियाच्या हवाली केलं आणि १९४७ मध्ये तो कैदेतच गेला.

क्रोनश्टाटला आता धरणावरच्या महामार्गाने गाडीने जाता येतं. त्या सभेच्या चौकात भलंमोठं आरमारी चर्च आहे, सोव्हिएत काळात ते सिनेमागृह होतं. १० जानेवारी १९९४ ला येल्त्सिनने हुकूम काढून बंडखोरांना निर्दोष ठरवलं.

चौकस_चंदू

बंड मोडणाऱ्यांचं काय झालं?

बारीक_अक्षर

झिनोव्हिएव्हला १९३६ मध्ये गोळी, तुखाचेव्हस्कीला १९३७, दिबेन्कोला १९३८. हा दिबेन्को स्वतः बाल्टिकचा खलाशी, १९१७ मधल्या आरमारी समितीचा अध्यक्ष. हल्ल्यात एका तुकडीचं नेतृत्व त्याने केलं आणि नंतर क्रोनश्टाटचा कमांडंट झाला. ट्रॉट्स्की १९४० ला मेक्सिकोत. पण याला 'काव्यगत न्याय' म्हणायचा मोह आवरा. ज्यांनी त्यांना मारलं त्यांना क्रोनश्टाटचं काहीही पडलेलं नव्हतं.

तोफखाना

मला एक विचारायचंय. धान्यवसुली बंद करायचीच होती तर दोन आठवडे आधी जाहीर का केली नाही? शत्रूचं कारणच काढून घेतलं असतं. हे साधं डावपेचाचं गणित आहे.

जुना_गिरणगावकर

कारण ती क्रोनश्टाटमुळे बंद झालीच नाही, तोफखाना साहेब. लेनिनने करपद्धतीचा कच्चा मसुदा ८ फेब्रुवारीलाच लिहिला होता. तांबोव प्रांतात शेतकऱ्यांचं बंड सहा महिने पेटलेलं, सायबेरियातही आग. ट्रॉट्स्कीच्या म्हणण्याप्रमाणे त्याने तर १९२० च्या सुरुवातीलाच असं सुचवलं होतं आणि केंद्रीय समितीने फेटाळलं होतं. निर्णय पिकत होता. क्रोनश्टाटला श्रेय देणं म्हणजे कोंबड्यामुळे उजाडलं म्हणणं.

खाडीकाठचा

काका, तुम्ही नकळत माझ्याच बाजूला भर घातलीत. मसुदा ८ फेब्रुवारीला तयार होता. पेट्रोग्राडच्या नाक्यांवरच्या जप्ती तुकड्या झिनोव्हिएव्हने १ मार्चलाच काढून घेतल्या, संपकऱ्यांना थंड करायला. म्हणजे २ मार्चला 'पांढऱ्यांचं कारस्थान' असं निवेदन निघालं तेव्हा ठरावातलं एक कलम पाळून झालं होतं आणि दुसरं कागदावर तयार होतं. आता कलम पहिलं उरलं : गुप्त मतदान. तिथे देवाणघेवाण नव्हती, कारण त्या मार्चमध्ये खरी निवडणूक झाली असती तर पेट्रोग्राडमध्ये पक्ष हरला असता आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

याच अधिवेशनाने पक्षातल्या पक्षात गट करायला बंदी घातली. श्ल्यापनिकोव्ह-कोल्लोंताई यांचा कामगारांचा विरोधी गट होता. कामगार संघटनांच्या हाती उद्योग द्या म्हणायचा. त्या गटातलेही प्रतिनिधी क्रोनश्टाटवर बर्फ तुडवत गेले, निष्ठा सिद्ध करायला. अधिवेशन मोडायच्या दिवशी त्यांच्याच गटाला बेकायदा ठरवणारा ठराव पास झाला. त्याचं सातवं कलम, केंद्रीय समितीच्या सदस्यालाही हाकलायची तरतूद, त्या वेळी छापलंच नाही.

जुना_गिरणगावकर

सातवं कलम मला अडचणीचं आहे, मान्य. त्यावर मी वकिली करणार नाही. पण 'हरला असता' हे म्हणताना हरल्यानंतर काय झालं असतं तेही लिहा. अराजकवादी राज्य चालवणार होते? अन्न कुठून येणार होतं?

बारीक_अक्षर

हा प्रश्न रास्त आहे. पंधरा कलमांत कारखान्यांना कोळसा कसा पोचेल किंवा रेल्वे कशी चालेल यावर अवाक्षर नाही. पण तो जाहीरनामा नव्हताच, तक्रारपत्र होतं.

चौकस_चंदू

क्यूबातही असं झालं होतं ना? कास्त्रोच्या बाजूने लढलेलेच डोंगरात गेले?

बारीक_अक्षर

हो, एस्कांब्राय डोंगर, १९६० च्या दशकात. आधीचा हुकूमशहा बातिस्ता याच्याविरुद्ध लढलेले शेतकरी आणि गनिमी लढवय्ये पुन्हा बंदूक घेऊन उठले. तिथे बाहेरची मदत खरोखर होती, सीआयएची, त्यामुळे चित्र जास्त गढूळ आहे. त्याआधी हुबेर मातोस, स्वतः क्रांतीचा कमांडर, कम्युनिस्टांच्या वाढत्या वर्चस्वामुळे राजीनामा दिला म्हणून १९५९ मध्ये वीस वर्षं आत गेला आणि पूर्ण वीस वर्षं भोगून १९७९ ला बाहेर आला. पण इथे नको, प्रतिसाद भरकटतील.

तोफखाना

त्यापेक्षा तांबोववर कुणीतरी लिहा. क्रोनश्टाट संपल्यावर तुखाचेव्हस्की तिकडेच गेला आणि जंगलात विषारी वायू वापरायचा हुकूम जून १९२१ चा आहे. काका, तुम्ही लिहिता का? तुमच्याकडे जुन्या मासिकांचा साठा आहे म्हणे.

जुना_गिरणगावकर

मी लिहितो. पण तिथल्या बंडाचा पुढारी अन्तोनोव्ह याला देव करणार नाही, आधीच सांगतो. पुढच्या रविवारनंतर, सध्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.